आताच आवडून घेऊ नका

“आताच आवडून घेऊ नका,” असं म्हणून ते एका हाताचं बोट वर करत आणि दुसऱ्या हाताने बटण दाबत. खोलीतले आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत बसायचो. संगीत सुरू झाल्यावरही बोट बराच वेळ वरच असायचं. कोणी मान डोलवायला लागला की ते त्याच्याकडे वळायचं. मान जागच्या जागी थांबायची.

तुम्ही म्हणाल, ऐकायला बोलावून वर आवडायची बंदी घालणारा हा कोण माणूस? आम्हालाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. लखनौच्या आमच्या मराठी मंडळींत गणपतीची वर्गणी, मुलांची ट्यूशन आणि पुण्यातल्या फ्लॅटचे भाव यांवर बोलणारे भरपूर. रशियन सिंफनी ऐकवणारे हे एकटेच. दुसरं कोणी नव्हतं म्हणून यांना सहन केलं, असं माझा नवरा म्हणतो. त्याचं ऐकू नका. आम्ही सगळे त्यांना घाबरायचो आणि तरीही दर रविवारी सकाळी आंघोळी आटपून त्यांच्या दारात हजर असायचो.

ते मानक नगरला रेल्वेच्या संशोधनाच्या कामात मोठ्या हुद्द्यावर होते. नवरा त्यांच्या हाताखाली, म्हणून तो त्यांना सर म्हणे आणि त्याचं ऐकून मीही. माझी नोकरी वनस्पतिशास्त्रातली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे त्यांच्या हुद्द्याचं मला काही पडलेलं नव्हतं. पण आमचं क्वार्टर त्यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. त्यांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. दोघं अमरावतीकडचे. लखनौत उभी हयात काढली तरी “काय करून राहिले?” हे त्यांच्या तोंडून गेलं नाही.

सरांचं काम म्हणजे डबे हादरवून पाहणं. रेल्वेचा नवा डबा तयार झाला की तो ठरलेल्या रुळावरून पळवायचा आणि किती झुलतो, किती धक्के खातो ते मोजायचं. “रूळ तोच ठेवा, वजन तेवढंच ठेवा, मग डब्याला नावं ठेवा,” हे त्यांचं ऑफिसातलं ठरलेलं वाक्य. तीच शिस्त घरच्या दिवाणखान्यात. एकाच सिंफनीची वेगवेगळ्या वाद्यवृंदांनी केलेली ध्वनिमुद्रणं त्यांनी जन्मभर जमवली होती. ऐकवायची ती एका बैठकीत दोनच. तोच तुकडा, तेवढाच आवाज, आणि ज्याची जी खुर्ची तीच. कुठलं मुद्रण चालू आहे ते कळू नये म्हणून यंत्रावर एक जुना टॉवेल टाकलेला. दोन्ही वाजवून झाली की प्रत्येकाला विचारायचं, “कुठली? काहून?” नुसतं ‘दुसरी छान वाटली’ म्हणणाऱ्याची धडगत नव्हती.

ही एकच सिंफनी. बाकी सगळं रशियन, जर्मन, फ्रेंच संगीत त्यांच्या लेखी वाट चुकलेलं होतं. कॉलेजात असताना नागपूरला रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे ते गणिताचं स्वस्त पुस्तक घ्यायला गेले आणि ही तबकडी घेऊन आले. तबकडी वाजवायचं यंत्र घरात नव्हतं. बरेच महिने ती नुसती उशाशी ठेवून झोपलो, असं ते सांगत. सांगताना लाजत नसत, उलट आमच्याकडे असं बघत की तुम्ही कधी काही उशाशी घेऊन झोपलात का.

सिंफनीची गोष्ट ते दर नव्या माणसाला सांगत. ज्याने ती लिहिली त्याच्यावर राज्यकर्त्यांची खप्पामर्जी झाली होती. ओळखीची माणसं एकेक करून नाहीशी होत होती. आता पुढचं काम सरळ, सगळ्यांना समजेल असं आणि आनंदात संपणारं हवं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने तसं लिहिलं आणि तो वाचला. “आता मला सांगा,” सर विचारत, “शेवटी तो हसून राहिला, की हस म्हटलं म्हणून हसून राहिला?”

सगळं भांडण त्या शेवटाचं होतं. तुम्ही तो ऐकला नसेल तर एवढंच समजा, की वर पितळी वाद्यं विजयाचा गजर करत असतात, ढोल बडवले जात असतात, आणि खाली व्हायोलिनं एकच स्वर घासत असतात. तोच, तोच, पुन्हा तोच. एका अमेरिकन वाद्यवृंदाने हा शेवट भरधाव घेतला आहे. त्या वेगात तो घासला जाणारा स्वर चमकतो, अंगावर रोमांच येतात, उठून नाचावंसं वाटतं. सरांच्या जुन्या रशियन तबकडीवर तोच शेवट पाय ओढत येतो. तिथे तो स्वर चमकत नाही. मास्तर छडी घेऊन शेजारी उभा आहे आणि पोरगं पाटीवर एकच अक्षर गिरवतंय, तसा तो ऐकू येतो. गजर तोच, ढोल तेच. पण ऐकून उठावंसं वाटत नाही.

भरधाव मुद्रणाला सर ‘वरात’ म्हणत. लग्नसराईत आमच्या कॉलनीच्या रस्त्याने झगमगते दिवे डोक्यावर घेतलेली माणसं आणि ब्रास बँड जाई, तेव्हा ते खिडकीत उभे राहून म्हणत, “चालली बघा अमेरिकन सिंफनी.” ज्याला जलद शेवट आवडे तो वराती. माझा नवरा पहिल्याच बैठकीत वराती ठरला आणि बदली होईपर्यंत वरातीच राहिला. त्याचं म्हणणं, दिवसभर यांच्याच हाताखाली मान खाली घालून काम करायचं, मग रविवारी तरी थोडं उड्या मारत संपू दे की.

मला स्वतःला हळू शेवट पहिल्या वेळेपासून खरा वाटला. त्यामुळे मी त्यांची लाडकी झाले. याचा मला फार अभिमान होता असं नाही, पण होता.

एका रविवारचं सांगते. दोन्ही मुद्रणं नुकतीच वाजवून झाली होती. वहिनी आलुबोंड्यांची थाळी घेऊन बाहेर आल्या. ऐकायला त्या कधी बसत नसत. आतलं करता करता जे कानावर पडेल ते. सर एकेकाला विचारत होते. थाळी टेबलावर ठेवता ठेवता वहिनी म्हणाल्या, “मला तर बाई पहिलीच बरी वाटली. जिवाला बरं वाटते.”

पहिली म्हणजे वरात होती.

सर म्हणाले, “जिवाला बरं वाटायला दुकानात बाम मिळतो. तू चहाचं बघ.”

सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि आत गेल्या. सरांनी बोट पुढच्या माणसाकडे वळवलं. माझं डोकं असं फिरलं की पुढचं काही ऐकू आलं नाही. आमच्यातल्या अगदी गाढव माणसालाही “काहून?” विचारलं जाई. वहिनींना तेवढंही नाही. वर आल्यावर मी नवऱ्याशी भांडले, कारण सरांशी भांडता येत नव्हतं. तो म्हणाला, “त्यांच्या घरातलं आहे, तू कशाला?” घरातलं आहे म्हणूनच तर, हे त्याला कळणं शक्य नव्हतं.

असा माणूस. पण तेवढाच असता तर मी आज हे लिहायला बसले नसते.

नाशिकला माझा भाऊ अचानक वारला. दिवसकार्य उरकून मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर वर आले. हातात यंत्र, बगलेत दोन स्पीकर. एवढा मोठा साहेब, जिना चढून धापा टाकत होता. त्यांनी कुणाला विचारलं नाही, टीव्ही बाजूला सरकवला आणि सिंफनीचा तिसरा भाग लावला. हा भाग फार संथ आहे. त्यात पितळी वाद्यं गप्प असतात आणि शेवटाकडे सगळं इतकं बारीक होत जातं की आपण आपला श्वास आवरतो. मी बोटाची वाट बघत होते. त्यांनी बोट वर केलं नाही. “आज आवडून घ्या,” म्हणाले. मी भावाच्या जाण्यानंतर पहिल्यांदा धड रडले ते तेव्हा. ते समोर बसून राहिले, माझ्याकडे न बघता.

वाजून संपल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, “तुम्हाला कळते, सांगावं लागत नाही. असं एक माणूस घरात पाहिजे होतं हो. नुसतं बाजूला बसलं असतं तरी झालं असतं. इतकी वर्षं मी एकटाच ऐकून राहिलो.”

मी म्हटलं, “वहिनींना बसवलंत का कधी?”

“बसवलं ना. लग्न झाल्या झाल्या. नाही जमलं. बाई चांगली आहे ती. पण हे तिचं नाही.”

त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझा राग विरघळला. बाहेरच्या डझनभर लोकांना धाकात ठेवणारा हा माणूस आपल्याच घरात एका जोडीदार कानासाठी झुरत होता. आणि तो कान चहाचं बघायला आपणच पाठवला, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन्ही गोष्टी मला एकदम दिसल्या. भावाचं दुःख ताजं होतं, त्या त्यांना सांगायचं बळ नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांनी जवळच, आशियाना भागात फ्लॅट घेतला. नवऱ्याची बदली झाली, पण माझी नोकरी इथे आणि मुलीची शाळा इथे, म्हणून आम्ही दोघी लखनौतच राहिलो. रविवारच्या बैठका आता फ्लॅटवर. माणसं कमी झाली होती. नवीन मुलं एकदा यायची, पुन्हा यायची नाहीत. “अंकल डाँटते बहुत हैं,” असं माझी मुलगीही म्हणाली. मी तिला मराठीत रागावले, तिने हिंदीत उलट उत्तर दिलं.

मग त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण बंद झालं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द येत नाहीत. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि दुरून बघणाऱ्याला ते सतत हसताहेत असं वाटे.

त्यांचा मुलगा गुडगावहून येऊन राहिला, रजा संपल्यावर गेला. जाताना एक छोटा गोल स्पीकर ठेवून गेला, फोनवरून चालणारा. “आंटी, पापा को म्यूझिक थेरपी मिलेगी,” त्याने मला समजावलं. त्याने आईला फोनवर सिंफनी लावायला शिकवलं होतं. जुनं यंत्र गुंडाळून माळ्यावर गेलं.

मी पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा दारातूनच आवाज आला. गजर, ढोल, आणि तो चमकणारा स्वर. वरात चालली होती. सर खुर्चीत, छातीला पट्टा बांधलेला, गुडघ्यावर चादर. वहिनी शेजारी बसून पालक निवडत होत्या. मला वाटलं, बिचारीला फरक कळला नसेल. मुलाने लावून दिलं असेल ते लावलं असेल.

पण पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. भेटायला मंडळी यायची आणि कौतुकाने म्हणायची, “सरांची आवडती सिंफनी ना ही? वा. किती उत्साह वाटतो.” सर त्या ओढलेल्या तोंडाने त्यांच्याकडे बघायचे. “खूश दिसतात आज,” असं म्हणून मंडळी निघायची. मी एकटी त्यांच्या डोळ्यांकडे बघत असे. त्या डोळ्यांत काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्ही कोणी एखाद्या माणसाला आवडीच्या नावाखाली नकोसं काही रोज भरवलं असेल, तर तुम्हाला माहीत आहे.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट यायचा, आलमबागचा, अतिशय आनंदी मुलगा. वरात सुरू झाली की सरांच्या डाव्या हाताची मूठ हळूहळू आवळली जायची, बोटं पांढरी पडेपर्यंत. तो खूश व्हायचा. “देखिए आंटी, अंकल का ग्रिप कितना स्ट्राँग हो रहा है. बहुत बढ़िया, अंकल. और ज़ोर से.” तो टाळ्या वाजवायचा. वहिनी पुन्हा सुरुवातीपासून लावायच्या.

मला ते बघवेना. एका दुपारी वहिनींनी फोन केला, भाजी आणि औषधं आणायची आहेत, तासभर बसाल का. मी गेले. त्या बाहेर पडल्यावर मी माझ्या फोनवर तीच जुनी रशियन तबकडी शोधून काढली. कोणी भल्या माणसाने ती खरखरीसकट आणि श्रोत्यांच्या खोकल्यांसकट इंटरनेटवर टाकून ठेवली होती. स्पीकरला जोडली आणि तिसऱ्या भागापासून लावली.

पहिला स्वर आला आणि सरांचं डोकं वळलं. मग ते रडायला लागले. आवाज नव्हता, नुसतं पाणी. हसऱ्या बाजूने आणि न हसणाऱ्या बाजूने सारखंच. मी पुसायला गेले तर त्यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला केला. शेवट सुरू झाला, पाय ओढत, आणि त्यांची मूठ उघडीच राहिली. इतकं शांत त्यांना मी आजारपणात कधी पाहिलं नव्हतं.

वहिनी परत आल्या तेव्हा तो एकच स्वर घासणं चालू होतं. त्या दारातच थांबल्या. हातात पिशव्या तशाच. त्यांनी बंद करायला सांगितलं नाही. पूर्ण संपल्यावर पिशव्या ठेवल्या, सरांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “आत या.”

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस पेटवला आणि माझ्याकडे पाठ करून विचारलं, “काहून लावली?”

“वहिनी, त्यांना हीच आवडते. ती दुसरी त्यांना सोसत नाही. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून...”

“मला ठाऊक नसेल?” त्या वळल्या. “तुम्ही रविवारी यायच्या. मी सातही दिवस याच घरात होते ना.”

मी विचारलं, “मग मुद्दाम लावता?”

“हो. मुद्दाम लावते.” त्यांनी भांड्यात पाणी ओतलं. “ही लावली की रडतात. बघितलं ना आता? रडणारा माणूस मला ओळखू येत नाही. ती लावली की चिडतात. मूठ वळते, डोळे वटारतात. चिडलेले ओळखीचे आहेत माझ्या. तेवढ्यापुरता माणूस घरात आहे असं वाटते.”

“पण त्यांच्या मनाचं काय, वहिनी?”

“त्यांच्या मनाचं पुष्कळ झालं,” वहिनी म्हणाल्या. अगदी सहज म्हणाल्या, मीठ जास्त झालं म्हणावं तसं. मग साखरेचा डबा पुढे केला. “तुम्ही कमी घेता ना?”

मी चहा न घेता निघाले. रिक्षात बसल्यावर मला त्यांची कीव येत होती आणि संतापही येत होता, आणि दोन्ही कुणाबद्दल ते पक्कं ठरत नव्हतं. पुढे मी जात राहिले, पण माझ्या एकटीवर घर सोपवून वहिनी पुन्हा बाहेर गेल्या नाहीत. वरात चालू राहिली. फिजिओथेरपिस्टचं कौतुक चालू राहिलं.

थंडीत दुसरा झटका आला आणि सर गेले. धुकं इतकं होतं की मुलाची गाडी वेळेवर पोहोचली नाही.

शोकसभा मराठी मंडळींच्या हॉलवर झाली. खुर्च्या भरल्या होत्या. जी मुलं एकदा येऊन पुन्हा आली नव्हती तीही आली. सरांच्या शिस्तीबद्दल, सचोटीबद्दल, संगीतप्रेमाबद्दल भाषणं झाली. मग मुलगा उभा राहिला. त्याचं मराठी तोकडं, म्हणून तो हिंदीत म्हणाला, “पापा ये रोज़ सुनते थे. आख़िरी दिन भी यही सुना.” आणि त्याने हॉलच्या मोठ्या स्पीकरवर तो शेवट लावला. अर्थात वरात.

फोटोला हार घातलेला, उदबत्त्या लावलेल्या, आणि हॉलभर तो भरधाव विजय. पाय हलायला लागले. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मांडीवर ताल धरत होते. शेवटचा ढोल वाजला, आणि कोणीतरी टाळी वाजवली. कार्यक्रम संपला की वाजवतात तशी, सवयीने. दुसऱ्याने साथ दिली. मग सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. थांबायचं कसं ते कुणाला कळेना. मुलगा हात जोडून उभा होता. माझा नवरा बदलीच्या गावाहून आला होता. आम्हा सगळ्यांत पक्का वराती तो, पण त्याचे हात मांडीवरच होते. मान खाली घालून तो हळूच म्हणाला, “अरे, काय करताय?”

वहिनी पहिल्या रांगेत होत्या. मला त्यांची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

महिन्याभराने त्या मुलाकडे जायला निघाल्या. फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मी आवराआवरीला गेले. मनात आढी होती, पण एकट्या बाईला खोक्यांच्या ढिगाऱ्यात कसं सोडायचं. आम्ही भांडी बांधली, पांघरुणं बांधली. जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुमच्या फोनमध्ये ती आहे ना? लावा. तिसऱ्यापासून.”

स्पीकर केव्हाच खोक्यात गेला होता. मी फोन तसाच फरशीवर ठेवला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. तिसरा भाग संपला, शेवट आला, पाय ओढत गेला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण तो एकच स्वर सुरू व्हायच्या जरासं आधी त्यांनी हात उचलला, जणू तो येतोय हे मला सांगायचं होतं. ज्याने ती असंख्य वेळा मन लावून ऐकली आहे त्यालाच ते ठिकाण ठाऊक असतं. मला आजही नेमकं सापडत नाही.

संपल्यावर मी विचारलं, “वहिनी, तुम्हाला कुठली खरी वाटते?”

“हीच. अजून कुठली?” त्या म्हणाल्या. “त्या दुसरीत काय आहे, गोंगाट.”

“मग त्या दिवशी ती बरी वाटली असं का म्हणालात, सगळ्यांच्या देखत?”

“रागावून तरी ‘काहून’ विचारतील म्हणून.” त्यांनी पदर नीट केला. “लग्न झाल्यावर पहिल्यांदा लावली होती त्यांनी, अमरावतीला. भाड्याची खोली होती आमची. मला बाई असं काही ठाऊकच नव्हतं. तिसरा भाग आला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडे ठेवून ऐकवेच ना. त्यांनी बघितलं आणि बंद केली. म्हणाले, झोप तू, तुझं काम नाही हे.”

“तुम्ही सांगितलं नाहीत? झोपले नव्हते म्हणून?”

“नवी नवरी होते. तेव्हा लाज वाटली. मग राग आला. मग रागाची सवय झाली.” त्या बंद खोक्यांकडे बघत बोलत होत्या. “आतून ऐकत राहिले. पोळ्या करता करता. कुठल्या वाद्यवृंदाने कुठे घाई केली ते मला टॉवेल टाकला तरी कळायचं. त्यांना एक माणूस पाहिजे होतं घरात. मला माहीत होतं. तुमच्या घरून आले ना त्या दिवशी, भाऊ गेला होता तुमचा, तेव्हा खाली येऊन रडले होते माझ्यासमोर. एकटा आहे म्हणाले. मी होते ना समोर. मी म्हटलं नाही काही. म्हटलं असतं तर झालं असतं. पण नाही म्हटलं.”

मी फरशीवरचा फोन उचलला.

वहिनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, शेवटच्या खोक्याची झाकणं दाबून धरली आणि चिकटपट्टीचं रीळ माझ्याकडे दिलं. “याचं टोक शोधून द्या हो जरा,” म्हणाल्या. “मला दिसून नाही राहिलं.”